आधी कुठलं दार ठोठवायचं?

या खेपेच्या पत्रांत आजारांविषयी प्रश्न थोडे आहेत. बहुतेकांना विचारायचंय ते असं की कुठे जायचं, हातात कुठले कागद न्यायचे आणि पैसे किती लागतील. नाशिक शहरात आणि जिल्ह्यात दवाखान्यांची वानवा नाही, तरी चुकीच्या दारात गेलेला अर्धा दिवस किंवा घरी विसरलेलं रेशनकार्ड पेशंटला महागात पडतं. म्हणून या वेळी उत्तरं जरा तपशिलात देत आहोत.

माझ्या सासूबाई ६३ वर्षांच्या आहेत. बीपी आणि शुगर दोन्ही आहे. तीन वर्षांत चार डॉक्टर झाले आणि प्रत्येकाने गोळ्या बदलल्या. महिन्याचा औषधाचा खर्च आता झेपत नाही. शेजारचे म्हणतात सरळ सिव्हिलला जा, पण तिथली गर्दी बघून त्या नको म्हणतात. काय करावं?
– एक वाचक, सिडको

सासूबाईंचं म्हणणं बरोबर आहे. बीपी-शुगरच्या दरमहाच्या गोळ्यांसाठी त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय गाठायची गरजच नाही. शहरात महापालिकेची शहरी प्राथमिक आरोग्य केंद्रं प्रभागांमध्ये पसरलेली आहेत. बीपी आणि शुगर तपासणं, नेहमीच्या गोळ्या देणं, महिन्या-महिन्याला पुन्हा पाहणं हे त्यांचंच काम. एम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन ही रोजची औषधं सरकारी यादीत आहेत. आपलं केंद्र कुठलं हे वस्तीतल्या आशाताईंना विचारा. तज्ज्ञाला दाखवायची वेळ आली तर त्यावरची पायरी मोठ्या रुग्णालयांची: महापालिकेचं नाशिकरोडला बिटको, पंचवटीत इंदिरा गांधी, तसंच डॉ. झाकीर हुसेन आणि राज्य सरकारचं सिव्हिल. हृदय, मूत्रपिंड, कर्करोग यांसाठी शालिमारजवळचं संदर्भ सेवा रुग्णालय आहे. नावातच 'संदर्भ' आहे, म्हणजे खालच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तिथे जायचं असतं. चिठ्ठी नसेल तर आधीच्या तपासण्या पुन्हा होतात आणि दिवस त्यातच जातो.

आता चार डॉक्टरांचा मुद्दा. खर्चापेक्षा आम्हाला काळजी याची जास्त वाटते. टेल्मिसार्टन हे एकच औषध वेगवेगळ्या कंपन्या वेगवेगळ्या नावांनी विकतात. पहिल्या डॉक्टरांची पिवळ्या पाकिटातली गोळी आणि तिसऱ्या डॉक्टरांची चांदीच्या स्ट्रिपमधली गोळी आतून एकच असू शकते. दोन्ही चालू राहिल्या तर दुप्पट डोस पोटात जातो. मग सकाळी उठताना भोवळ येते, आणि घरातले म्हणतात, "बीपी वाढलं वाटतं, आणखी एक गोळी घ्या." आज एवढं करा: घरातल्या सगळ्या स्ट्रिपा टेबलावर मांडा, कंपनीच्या नावाशेजारी छापलेलं मूळ औषधाचं नाव आणि त्यापुढचे मिलिग्रॅम वाचा. एकच नाव दोनदा आलं तर दोन्ही स्ट्रिपा घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दुकानदाराने चार-पाच गोळ्या कापून दिल्या असतील, तर नाव किंवा मुदत कापलेल्या तुकड्यासोबतच जाते. म्हणून नाव आणि मुदत असलेला भाग आपल्याकडे येईल असं कापायला सांगा.

एक शंभर पानी वही करा. डाव्या पानावर तारीख, बीपी, उपाशीपोटीची शुगर, जेवणानंतर दोन तासांची शुगर. उजव्या पानावर त्या दिवसापासून चालू असलेल्या गोळ्या, आणि बंद केलेल्या गोळीपुढे 'बंद, का' असं. फायलीतले पन्नास कागद चाळायला कुठल्याच डॉक्टरांना वेळ नसतो, पण वहीचं पान अर्ध्या मिनिटात वाचून होतं.

बीपी मोजण्याचीही रीत आहे. आधी पाच मिनिटं शांत बसवायचं. अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको, लघवी तुंबलेली नको. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीत टेबलावर. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवून त्याच्यावर बांधला की आकडा चुकतो. दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहा. बहुतेक प्रौढांत बीपी १४०/९० च्या खाली ठेवायचं असतं. नेमकी मर्यादा डॉक्टर ठरवतील.

आणि दर वर्षी एकदा डोळ्याचा पडदा, लघवीतलं अल्ब्युमिन, रक्तातलं क्रिएटिनिन आणि पायांची संवेदना तपासून घ्या. गोळ्या नियमित घेणारेही हे विसरतात. पायाला चप्पल लागून झालेली जखम कळलीच नाही, असं झालं तर तो दिवस केंद्रात जाण्याचा समजा.

आमच्या पाड्यावर साप चावला की आधी भगताकडे नेतात. आम्ही तरुण मुलं ओरडतो, पण म्हातारी माणसं ऐकत नाहीत. गाडी यायलाही वेळ लागतो. तोवर नेमकं काय करायचं आणि काय करायचं नाही, हे लिहून द्या. आम्ही शाळेत लावू.
– एक वाचक, सुरगाणा तालुका

भगताला नावं ठेवून गाव ऐकणार नाही, उलट हट्टाला पेटेल. त्याच्याशी आधीच, सगळं सुरळीत असताना, एवढंच ठरवा: गाडी आधी, मंत्र गाडीत. भगत गाडीत बसून बरोबर आला तरी बिघडत नाही. वाया जातो तो त्याच्या दारातला तास.

पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं? माणसाला सापापासून दूर न्या आणि खाली बसवा. चावल्याची वेळ कुणीतरी बोलून दाखवा आणि लिहून ठेवा. अंगठी, बांगड्या, पैंजण, काळा दोरा लगेच काढा, कारण सूज चढली की हेच आवळतात. हात किंवा पाय फळी वा बांबूच्या कामट्या लावून सैल फडक्याने असा बांधा की तो हलणार नाही. फडक्याखाली बोट सहज सरकलं पाहिजे. आवळपट्टी बांधू नका. ती विष थोपवत नाही, रक्तपुरवठा मात्र तोडते, आणि दवाखान्यात सोडली की अडलेलं विष एकदम अंगात पसरतं. ब्लेडने चिरायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ नको, मिरची खाऊ घालून चव कळते का हे बघायचं नाही. फुरसे किंवा घोणस चावली असेल तर रक्त गोठायचं थांबतं, आणि अशा वेळी ब्लेडने केलेली चीर वाहतच राहते.

१०८ ला फोन लावा. ही सेवा मोफत आहे. फोनवर पाड्याच्या नावाबरोबर ग्रामपंचायत, जवळचा फाटा आणि डांबरी रस्त्यावर कुठे थांबणार ते सांगा. गाडीला पाड्यापर्यंत रस्ता नसेल तर तिची वाट बघत घरी बसू नका, झोळीतून फाट्यावर आणा. फक्त मोटारसायकल असेल तर चालवणारा पुढे, पेशंट मधे, धरणारा मागे. पेशंटला चालवत किंवा पळवत नेऊ नका.

सापविषावरची लस आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर मिळून एकच असते. म्हणून साप मारून आणण्याची गरज नाही. मारायला गेलेला दुसरा माणूस चावून घेतो. लांबून फोटो मिळाला तर ठीक. आपल्या जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस आहे का, हे पावसाळ्यापूर्वीच वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवा. सुरगाण्याचं ग्रामीण रुग्णालय की कळवणचं उपजिल्हा रुग्णालय, आपल्या पाड्यावरून कुठे लवकर पोचतो, तेही लिहा. थेट नाशिकचा रस्ता धरणं बहुतेक वेळा चूक ठरतं, कारण पहिला डोस मिळायला वाटेतच दोन-अडीच तास जातात. जवळच्या केंद्रात लस चालू करून मग गरज पडली तर पुढे पाठवतात.

दवाखान्यात गेल्यावर नातेवाइकांचा धीर सुटतो तो इथे: "आल्याबरोबर इंजेक्शन का देत नाहीत?" साप चावला म्हणजे विष अंगात उतरलंच असं नाही. साप बिनविषारी असू शकतो, आणि विषारीसुद्धा कधी कधी कोरडा दंश करतो. लसीची स्वतःची रिॲक्शन येऊ शकते, म्हणून विषाची लक्षणं दिसली की मगच ती देतात. यासाठी एक साधी तपासणी आहे. कोरड्या काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतात, वीस मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात आणि मग नळी आडवी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर घोणस-फुरशाचं विष चढलंय. पापण्या मिटू लागणं, गिळताना त्रास, आवाज बदलणं ही नाग-मण्याराची खूण. लस द्यायची ठरली तर सुरुवातीला साधारण १० कुप्या सलाइनमधून देतात, आणि लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. लक्षणं नसली तरी २४ तास देखरेखीखाली ठेवतात. "बरं वाटतंय" म्हणून रात्री घरी आणू नका.

मण्याराबद्दल वेगळं सांगायला हवं. तो रात्री जमिनीवर झोपलेल्यांना चावतो, पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही दिसत नाही. पहाटे पोटात कळ, उलटी, डोळे उघडत नाहीत, अशा माणसाला अपचन समजून घरी ठेवतात. जमिनीवर झोपणाऱ्याची पावसाळ्यात अशी पहाट झाली तर साप चावला असं धरूनच निघा. कडा गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी या सापापासूनही वाचवते.

वडिलांच्या अँजिओप्लास्टीसाठी खासगी हॉस्पिटलमध्ये गेलो. बाहेर महात्मा फुले योजनेचा बोर्ड होता. आत म्हणाले, "तुमची केस योजनेत बसत नाही." आम्ही पैसे भरले. आता ते परत मिळतील का? आणि पुढच्या वेळी काय करायचं?
– एक वाचक, नाशिकरोड

परत मिळणं अवघड आहे. ही योजना विमा परताव्यासारखी चालत नाही. हॉस्पिटल आधी ऑनलाइन पूर्वमंजुरी मागतं, मंजुरी आली की उपचार होतात आणि पैसे सरकारकडून हॉस्पिटलला जातात. पेशंटने आधी रोख भरून बिल दाखवायची वाट त्यात नाही. तरी तक्रार जरूर करा: १५५३८८ किंवा १८००२३३२२०० वर. योजनेतल्या रुग्णाकडून त्याच उपचाराचे पैसे घेतले असतील तर त्याची चौकशी होते. पावत्या, ॲडमिशनची तारीख आणि 'बसत नाही' असं कुणी सांगितलं ते लिहून ठेवा.

'बसत नाही' या दोन शब्दांत चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात, त्यामुळे पुढच्या वेळी नेमकी कुठली ते विचारायचं. पहिली शक्यता: हॉस्पिटल योजनेत आहे, पण हृदयरोगासाठी नाही, फक्त हाडांसाठी किंवा डायलिसिससाठी आहे. बोर्डावर हे बारकाईने लिहिलेलं नसतं. दुसरी: तो उपचारच यादीत नाही किंवा फक्त सरकारी रुग्णालयासाठी राखीव आहे. तिसरी: कागद जुळत नाहीत. चौथी: खरं म्हणजे बसतं, पण पैसे भरणारा पेशंट समोर असताना मंजुरीचा व्याप नको असतो.

यावर इलाज म्हणजे काउंटरवर वाद घालण्याआधी आरोग्यमित्राला गाठणं. योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलमध्ये त्याचं टेबल असतं, आणि तो हॉस्पिटलचा नोकर नसून योजनेचा माणूस असतो. त्याला तीन गोष्टी विचारा: हे हॉस्पिटल या आजारासाठी आहे का, या उपचाराचा कोड यादीत आहे का, नसेल तर जवळचं कुठलं. नकार आला तर तो लेखी मागा. कित्येकदा लेखी द्यायची वेळ आली की नकारच मागे घेतला जातो.

कागद सगळ्यात जास्त नडतात, आणि ते आजारपणाआधी नीट करता येतात. जुलै २०२४ पासून योजनेचं कवच राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत झालं आहे. म्हणजे पांढरं रेशनकार्डही चालतं. पण कार्डावर नाव हवं. नवी सून माहेरच्या कार्डावरून कमी झाली आणि सासरच्या कार्डावर चढली नाही, की ती मधल्यामधे राहते. आधारवर 'ज्ञानेश्वर' आणि रेशनकार्डावर 'माऊली' असेल तर संगणक त्यांना एक माणूस समजत नाही. बाळाचं नाव कार्डावर नसेल तर जन्मदाखला, आई किंवा वडिलांबरोबरचा फोटो आणि पालकाचं रेशनकार्ड यावर काम होतं. तातडीच्या वेळी कागद घरी राहिले तर आरोग्यमित्राकडून फोनवर तात्पुरती मंजुरी घेता येते, कागद मागून द्यायचे. बाह्यरुग्ण विभागातली साधी तपासणी, ताप-खोकल्याच्या गोळ्या मात्र या योजनेत नाहीत, त्यासाठी वाद घालून उपयोग नाही.

वडील सत्तरीपुढचे असतील तर ऑक्टोबर २०२४ पासून त्यांच्यासाठी मोफत उपचारांचं आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. त्याला उत्पन्नाची अट नाही, आधारवरचं वय पुरतं. आजच काढा.

यांतलं काहीच जमलं नाही आणि हॉस्पिटल धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ एए खाली त्यांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, बिलिंग काउंटरला विचारू नका.

अंबडच्या कंपनीत कंत्राटी कामगार आहे. पगारातून ईएसआय कापतात, पण मी आजवर वापरलेलं नाही. त्याचा खरंच उपयोग आहे का?
– एक वाचक, सातपूर

आहे. ईएसआय म्हणजे कामगार राज्य विमा, आणि तुम्ही त्याचे पैसे भरताय. तुमच्या पगाराच्या ०.७५ टक्के तुमच्याकडून आणि ३.२५ टक्के मालकाकडून जातात. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना आहे, कंत्राटी असलात तरी. सातपूरला कामगार विमा रुग्णालय आहे, तुमच्याबरोबर बायको-मुलांना आणि तुमच्यावर अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही तिथे उपचार मिळतात.

औषधापेक्षा आजारपणाचा पगार कामगारांना ठाऊक नसतो. विमा डॉक्टरांनी रजेचा दाखला दिला तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जून या काळाला लागू होते, ऑक्टोबर ते मार्चची जुलै ते डिसेंबरला. ठेकेदार तीन महिन्यांनी ब्रेक देतो तेव्हा इथेच दिवस कमी पडतात, म्हणून पगारपत्रकावर दर महिन्याला वर्गणीचे दिवस बघत जा. ठेकेदार बदलला तरी विमा क्रमांक जुनाच द्या. नवा काढला की मागची वर्गणी तुटते.

कामावर अपघात झाला तर ७८ दिवसांची अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क आहे, आणि पगाराच्या ९० टक्के मिळतात. मशिनमध्ये बोट गेलं आणि सुपरवायझर म्हणाला, "घरी लागलं असं सांग, खासगीत नेतो," तर तसं सांगू नका. पहिल्या केसपेपरवर 'घरी' असं लिहिलं गेलं की पुढे कामावरचा अपघात सिद्ध करणं फार जड जातं.

अशक्तपणा आला की एक सलाइन लावून घेतो, दोन दिवस बरं वाटतं. सरकारी केंद्रात मागितलं तर नाही म्हणाले. का?
– एक वाचक, पंचवटी

कारण त्या बाटलीत ताकद नसते. ५०० मिलीच्या डीएनएस बाटलीवरचं लेबल वाचा: ५ टक्के डेक्स्ट्रोज, ०.९ टक्के मीठ. म्हणजे २५ ग्रॅम साखर, चहाचे पाच-सहा चमचे, आणि साडेचार ग्रॅम मीठ. बाकी पाणी. एका भाकरीत याहून जास्त ऊर्जा आहे. बरं वाटतं त्याचं कारण बहुतेक वेळा तासभर आडवं पडणं आणि सोबत दिलेलं वेदनाशामक इंजेक्शन. हृदय किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर हेच पाणी फुफ्फुसात साठून धाप लागते.

वारंवार अशक्तपणा येत असेल तर हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉइड तपासा. पुरुषांत हिमोग्लोबिन १३ च्या आणि स्त्रियांत १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. दोन आठवड्यांहून जास्त खोकला किंवा वजन उतरत असेल तर थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. ती पुढे ढकलू नका. सलाइन खरंच लागतं ते उलट्या-जुलाबांनी पाणी पोटात ठरत नसेल तेव्हा, किंवा डेंग्यूत पोट फार दुखणं, हिरड्यांतून रक्त, सुस्ती अशी धोक्याची चिन्हं दिसली तर. डेंग्यूत ही चिन्हं बहुधा ताप उतरताना येतात, म्हणून ताप गेला म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. बाकीच्या वेळी ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण पाकीट एकाच वेळी कालवायचं. अर्धं पाकीट ग्लासभर पाण्यात कालवलं तर मीठ जास्त होतं आणि लहान मुलाला ते घातक ठरतं.

सून पाच महिन्यांची गरोदर आहे. पाडा डोंगरात आहे, पावसाळ्यात बाळंतपण येईल. आत्तापासून काय तयारी करावी? खर्च किती?
– एक आजी, पेठ तालुका

आजी, सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, तिथलं जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी, सगळं मोफत आहे. गाडीसाठी १०२. घरी परतताना पण तीच सोडते, "परत जायचं भाडं द्या" असं कुणी म्हणालं तर देऊ नका. बाळ आजारी पडलं तर वर्षभर त्याचाही उपचार मोफत.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायांची खास तपासणी असते, तेव्हा सुनेला न्या. वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी, सोनोग्राफी. लोहाच्या १८० गोळ्या पुऱ्या खायच्या आहेत. चहाबरोबर देऊ नका, चहाने लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर द्या. शी काळी होते, घाबरू नका. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी नको, एक सकाळी, एक रात्री.

पावसात ओहोळ चढला की गाडी येणार नाही, म्हणून तारखेच्या आठ-दहा दिवस आधीच सुनेला डांबरी रस्त्यावरच्या नातेवाइकाकडे हलवा. काही आदिवासी भागातल्या आरोग्य केंद्रांत यासाठीच 'माहेरघर' आहे, तिथे आधी येऊन राहता येतं. तुमच्या केंद्रात आहे का ते आशाताईला विचारा. डोकं फार दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, अंगावर रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काही झालं तर तारखेची वाट बघायची नाही, त्याच दिवशी निघायचं.

डिस्चार्जच्या वेळी हॉस्पिटलने फक्त एक पानी समरी दिली. बाकीचे कागद मागितले तर "ते आमच्याकडेच राहतात" म्हणाले.
– एक वाचक, गंगापूर रोड

मूळ कागद त्यांच्याकडे राहू शकतात, प्रती तुम्हाला मिळायला हव्यात. लेखी अर्ज करा, पोच घ्या. अर्जानंतर ७२ तासांत त्या देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. ऑपरेशनच्या नोंदी, तपासण्यांचे रिपोर्ट, सीटी-एमआरआयची सीडी आणि तपशीलवार बिल, असं नाव घेऊन मागा. 'सगळे कागद' असं मोघम लिहिलं की मोघमच मिळतं. बिलाच्या वादावरून पेशंटला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही. शहरातल्या खासगी रुग्णालयाची तक्रार महापालिकेच्या वैद्यकीय विभागाकडे, शहराबाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

मुलाला कुत्रं चावलं. तीन इंजेक्शनं झाली, चौथ्याला गावी होतो. आता पुन्हा पहिल्यापासून घ्यायची का?
– एक वाचक, ओझर

नाही, राहिलेलं लगेच जाऊन घ्या, पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत दिली जाणारी लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते. शून्य दिवस म्हणजे पहिलं इंजेक्शन दिलं तो दिवस, कुत्रं चावलं तो नव्हे. दंडावर स्नायूत दिली असेल तर १४ वा दिवसही असतो, म्हणून कार्ड बघूनच तारीख ठरवा. चावल्या ठिकाणी रक्त आलं होतं का आणि जखमेत सीरम (रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं) दिलं होतं का, हेही कार्डावर बघा. दिलं नसेल तर जाताना डॉक्टरांना तसं सांगा. पुढे कधी असा प्रसंग आला तर जखम आधी वाहत्या नळाखाली साबण लावून घड्याळ बघून १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना लावायचा नाही, आणि त्याच दिवशी दवाखाना. ओझरहून सिव्हिलला निघण्याआधी जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे का हे फोनवर विचारून घ्या.